गुरुवारचं भजन आणि झोपाळू कम्प्युटर

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही हिंदीत. पण नेपियर टाउनात स्कूटरी दुरुस्त करण्यात जन्म गेला, म्हणून मशीन म्हटलं की मला वाटतं, आपणच शहाणे. मुलीने तिचा जुना कम्प्युटर लिनक्स नावाची सिस्टीम घालून मला दिला. नागपूरला परत निघताना म्हणाली, "बाबा, अडलं तर फोन करा." मी म्हटलं, "मला काय अडणार?"

दर गुरुवारी चेरीताल मोहल्ल्यात आमच्या घरी भजन असतं. पुस्तकातली बारीक अक्षरं आता कोणालाच दिसत नाहीत, म्हणून मी स्क्रीनवर शब्द मोठे करून लावतो. तो माझा मान. एक दिवस स्क्रीनवर आलं, नवीन लिनक्स आलंय, चढवू का? कोणाला न विचारता मी हो दाबलं आणि चार घरी सांगूनही आलो.

त्या गुरुवारी पहिलंच भजन रंगात आलं आणि स्क्रीन काळी. आधी असं कधी झालं नव्हतं. माउस हलवला तर पासवर्ड मागून राहिली. पासवर्ड म्हणजे माझ्या पहिल्या स्कूटरचा नंबर. मी एका बोटाने टाकणार, तोवर झांजा हवेत. बायकोने तेवढ्यात चहा फिरवून घेतला. थोड्या वेळाने पुन्हा काळी. शेवटी मंडळी तालावर पासवर्डच म्हणायला लागली. अर्ध्या चेरीतालला तो आता पाठ आहे.

पेटीवाले म्हणाले, "भाऊ, आता माझ्याकडे बसत जाऊ. मोठा टीव्ही आहे, झोपत नाही."

"मशीन जुनं आहे, थकतं," मी म्हटलं. पण झोंबलं.

मंडळी गेल्यावर बायको कप उचलत म्हणाली, "काहून हो, नवा कार्बोरेटर बसवला की तुम्ही काय करत होते?"

"स्क्रू फिरवून गिऱ्हाइकाच्या हिशोबाने लावत होतो. कंपनीतून येतो तसा थोडाच द्यायचा असतो?"

"मग हे नवं लिनक्स कंपनीतून आलं तसंच काहून चालवून राहिले? पोरीला फोन करा."

"फोन नाही करत."

"मग स्क्रू शोधा."

शोधला. सेटिंग उघडून, एकेक अक्षर लावत. आधी भलताच फिरवला. माउसचा बाण काकडीएवढा झाला. मग सापडलं, स्क्रीन किती वेळाने बंद करायची. मी 'कभी नहीं' लावून मोकळा झालो.

पुढच्या गुरुवारी स्क्रीन लख्ख. भजनामागून भजन. मी डोळे मिटून ताना घेऊन राहिलो होतो. उघडले तर ढोलकीवाले गुडघा चोळत होते आणि पेटीवाल्यांना धाप लागली होती.

"भाऊ, तो मधला अंधार बरा होता हो," पेटीवाले म्हणाले. "चहा तरी मिळत होता."

सगळ्यांनी माना हलवल्या. आता गिऱ्हाईकच म्हणतंय म्हटल्यावर काय! मी उठलो, चष्मा चढवला आणि सगळ्यांसमोर 'कभी नहीं' काढून तिथे पंधरा मिनिटं लावली.

भजन अजून माझ्याच घरी असतं. स्क्रीन काळी झाली की आतून कपांचा आवाज येतो.