भाऊसाहेब वकिलांचा दमा

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल! माझ्या अकलेचं दिवाळं कसं वाजलं ते सांगतोय.

इंग्रजी अंमल होता, वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला. नागपुरातून डॉक्टर होऊन मी अमरावतीत नवाकोरा दवाखाना थाटला. अंगात काय, तर संशोधन! दमा कशानं होतो, कोणत्या औषधाला दाद देतो, हे शोधायचंच. त्यासाठी दमेकरी हवा की नको? सापडले! भाऊसाहेब वकील.

रोज सकाळी मी त्यांच्या घरी हजर. नाडी बघतो न बघतो, तोच त्यांची छाती बाजाच्या पेटीसारखी वाजायला लागायची. मी अ‍ॅड्रिनलिनची सुई टोचायचो, दम बसायचा. वा! औषधाला काय सुंदर दाद!

पण कारण? कापसाची गादी काढली, भाऊसाहेब चटईवर आले. पोपट शेजारी दिला. फोडणी बंद केली. एवढा नामांकित वकील, बिनफोडणीचं वरण खात होता हो! तरी दम हटेना. मग मी काय केलं असेल? दिवसातून दोनदा जायला लागलो. दमही दोनदा उठायला लागला!

मधे दोन दिवस मी अकोल्याला लग्नाला गेलो. परत आलो, तर त्यांच्या बायकोनं, काकूंनी, दारातच गाठलं.

"डाक्टर, राग नका मानू. तुमी नव्हते तवा यायले काहीच झालं नाही. कचेरीत गेले, फोडणीचं वरणबी खाल्लं!"

"योगायोग हो, काकू!" म्हणत मी भाऊसाहेबांजवळ टेकलो. पाच मिनिटांत पेटी सुरू!

"आता काहून उठला दम?" काकू कमरेवर हात ठेवून उभ्या.

भाऊसाहेबांना बोलवेना. त्यांनी नुसतं माझ्या कोटाकडे बोट केलं. बाहीवर तांबूस केस. माझ्या घोडीचे! रोज तिला खरारा करायचा, तिच्यावरच बसून यायचं आणि तोच कोट घालून रोग्याला चिकटायचं. घोड्याच्या केसानं दमा उसळतो, हे पुस्तकात मीच लाल पेन्सिलीनं अधोरेखित केलं होतं!

दुसऱ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ, परीटघडीचे कपडे, आणि पायी. तासभर बसलो. भाऊसाहेबांचा श्वास अगदी स्वच्छ!

लागला की नाही शोध? कौतुक ऐकायला मी मुद्दाम कोर्टात गेलो. वकील मंडळी त्यांना विचारतच होती, "भाऊसाहेब, कोन्तं औषध लागू पडलं?"

भाऊसाहेब म्हणाले, "औषध कायचं? डाक्टर धुऊन घेतला!"