दोन मोकळ्या नळ्या

मामाजी गेल्याचा निरोप मला शाळेत मिळाला. सातवीचा तास चालू होता. शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "बाई, तुमाले घरी बोलावलं हाय." दुपारी जेवून, नेहमीसारखे डाव्या कुशीवर पडले ते उठलेच नाहीत... इतकं साधं मरण माझ्या सासऱ्यांनाच जमावं. लकडगंजातल्या आमच्या घरी पोहोचले तर ओसरीत माणसं मावत नव्हती, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध त्यांची मोटारसायकल उभी. ती हलवायचं कोणाला सुचलंच नव्हतं. येणारा प्रत्येक जण चपला काढताना तोल सावरायला तिच्या सीटवर हात टेकवत होता. रडता रडता माझ्या मनात आलं, मामाजी असते तर एकेकाला आधी हात धुऊन यायला पाठवलं असतं.

आता दीड-दोन महिने उलटलेत. रडू ओसरलंय आणि त्यांच्या गोष्टी आठवून हसू यायला लागलंय, म्हणून लिहायला बसले.

मामाजी वीज खात्यात होते. जन्मभर लोकांच्या घरचे मीटर तपासले. तारेचं उघडं टोक म्हणजे कोणाचा तरी जीव जाणार, हे त्यांच्या इतकं अंगात भिनलेलं की घरात लोंबकळणारी कुठलीच वस्तू त्यांना खपत नसे. पडद्याची दोरी असो, पिशवीचा तुटका बंद असो, नाहीतर माझ्या वेणीची सुटलेली रिबन असो, प्रश्न ठरलेला. "सूनबाई, हे टोक कुठं जाते?" मी लग्न होऊन या घरात आले त्याच वर्षी ते निवृत्त झाले, आणि कामठीला लष्कराच्या लिलावातून इंग्रजांच्या वेळची एक मोटारसायकल घेऊन आले. घेऊन आले म्हणजे हातठेल्यावर, पोत्यांत भरून. सासूबाईंना वाटलं, यांनी भंगाराचा धंदा काढला. पण मला त्यांचा चेहरा दिसत होता. इतक्या वर्षांत त्या माणसानं स्वतःच्या हौसेसाठी आणलेली ती पहिली वस्तू होती.

पाऊस सरेपर्यंत ओसरीत त्यांचा संसार मांडलेला असे. शेजारच्या लाकडं कापायच्या आरामशीनचा भुसा उडून तेलकट सुट्या भागांवर बसायचा आणि मामाजी तो पुसत बसायचे. मी बी.एस्सी. झालेली, त्यामुळे "हे पकड जरा" म्हणण्याच्या लायकीची ठरले. मूळचा कार्ब्युरेटर गंजून गेलेला, म्हणून दुसऱ्याच कुठल्या गाडीचा शोधून बसवला. त्याला दोन बाजूंना दोन बारीक पितळी टोकं होती. त्यांवर रबरी नळी बसते हे उघड होतं, पण नळीचं दुसरं टोक कुठं जायचं ते काही कळेना. मामाजींनी दोन दिवस विचार केला आणि एकाच नळीची दोन टोकं त्या दोन टोकांवर चढवून दिली. कानातल्या बाळीसारखी गोल, सुबक जोडणी झाली. लांब होऊन पुन्हा पुन्हा पाहत होते!

गाडी सुरू झाली तेव्हा अख्खा मोहल्ला बघायला आला. सासूबाई मात्र दारातूनच म्हणाल्या, "हे लोखंड मले रस्त्यात कुठं न उतरवता पारशिवनीले नेऊन आणते का पाहू. आणलं तं ठेवा. नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याले देऊन टाकीन." पारशिवनी त्यांचं माहेर. आणि सासूबाई बोलतात ते करतात, हे मामाजींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

कुठंच नोकरीला न चिकटलेल्या भावासाठी कोथिंबिरीच्या सांभारवड्यांचा डबा मांडीवर घेऊन त्या निघाल्या. संध्याकाळी मामाजी एकटेच गाडी ढकलत परत आले. कामठीच्या अलीकडे गाडी दमली, थोडं थांबल्यावर पुन्हा सुरू झाली, आणि कन्हानच्या पुलापाशी परत तेच. सासूबाई तिथून एस.टी.त बसून माहेरी निघून गेल्या. "जाता जाता म्हणाली, भंगारवाल्याले सांगून ठेवा," एवढंच बोलून ते ओसरीत बसले. पुढचे काही दिवस त्यांनी तारा तपासल्या, प्लग बदलला, पुन्हा तारा तपासल्या. विजेचा माणूस, दोष विजेतच शोधणार. जेवणावरचं लक्ष उडालं. एकदा तर मला म्हणाले, "ती बरोबरच बोलते. या वयात हे चाळे काहून करावे मानसानं?" मला फार वाईट वाटलं. माणूस हौस सोडतो म्हणजे पुष्कळच काही सोडतो.

सासूबाई नसल्यानं तेलाचा नवा पिपा फोडायचं काम माझ्यावर आलं. खिळा आणि बत्ता घेऊन मी एका कोपऱ्यात भोक पाडलं, मग समोरच्या कोपऱ्यात दुसरं. मामाजी पाणी प्यायला आत आले होते.

"हे दुसरं भोक काहून?"

"हवेसाठी. एकच ठेवलं तर तेल गटगट करत अडते, मामाजी. हवा आत गेली तरच तेल बाहेर येईल ना..."

पेला तसाच ठेवून ते ओसरीत धावले. मी मागोमाग. टाकीतलं पेट्रोल आधी कार्ब्युरेटरच्या लहानशा वाटीत येतं आणि तिथून इंजिनात जातं. वाटीतलं पेट्रोल गेलं की त्या जागी हवा यायला पाहिजे, आणि ती दोन टोकं होती ती त्या हवेसाठीच. आम्ही ती एकमेकांना जोडून बिचाऱ्या गाडीचं नाक-तोंड दाबून ठेवलं होतं. मामाजींनी ब्लेडनं ती गोल नळी मधोमध कापली. दोन नळ्या दोन बाजूंना मोकळ्या लोंबायला लागल्या. त्यांना ते बघवेना. टोकं हातात घेऊन म्हणाले, "म्हणजे याले कुठं जायचंच नाही?"

"नाही."

"नुसतं उघडं राह्यचं?"

"हो."

दुसऱ्या दिवशी ते पारशिवनीला गेले. मी दिवसभर कान गल्लीकडे लावून होते. उन्हं कलताना फटफट ऐकू आली आणि सासूबाई पदर सावरत दारात उतरल्या. "चहा टाक वं," म्हणाल्या, "कुठं उतरावं लागलं नाही." मामाजींनी रात्री जेवताना सगळा उलगडा सांगितला, की कुठंच न जोडलेली नळीही कामाची असते. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "मंग माह्या भावाले काहून नावं ठेवता?"

त्यानंतर ती दोघं पुष्कळ फिरली. रामटेक, कुहीची लग्नं, संत्र्याच्या दिवसांत उगीचच काटोलपर्यंत. सासूबाई गाडीला लोखंडच म्हणत राहिल्या. मी समजायचे, त्या नळ्यांचं मर्म मामाजींना आणि मलाच ठाऊक.

परवाच्या रविवारी आमच्या यांनी वडिलांची गाडी बाहेर काढली. गल्लीच्या टोकाशी जाऊन बंद पडली. यांनी प्लग काढला, पुसला, लावला. पुन्हा तेच. मी काही बोलणार तेवढ्यात सासूबाई खुरमांडी घालून गाडीपाशी बसल्या, एक नळी उपसून तोंडात धरली आणि जोरात फुंकली. चिमूटभर सुकी माती उडाली. मग दुसरी. "कुंभारीण माशी घर करते यात," त्या म्हणाल्या. "थांबलेली गाडी दिसली का आलीच."

"आई, हे तुला कोणी शिकवलं?" यांनी विचारलं.

"शिकवाले काय लागते? दर रविवारी ते फुंकत. सूनबाई बाजारात जाये तवा. तोंडाले पेट्रोल लागे, मंग मी पानी घेऊन उभी राहत होती."

दर रविवारी... इतकी वर्षं. आणि मला याचा पत्ताही नव्हता. गाडी पहिल्या लाथेला सुरू झाली. सासूबाईंनी ओठ पुसले, तोंड वाकडं केलं आणि बसल्या जागेवरून माझ्याकडे पाहिलं. "पाहून काय राहिली? आता मले आण."

मी तांब्या भरून आणला, आणि त्यांची चूळ भरून होईपर्यंत तिथंच उभी राहिले.