स्थलांतराचं कारण : विवाह

दादा, अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, तेवढं माफ कर. चौथीनंतर हातात पेन आलं ते सही करण्यापुरतं. गौरीच्या भूगोलाच्या वहीत मागे कोरी पानं उरली आहेत, त्यांत लिहिते. तुला पाठवेन असं वाटत नाही. फोनवर तुझा आवाज आला की मला बोलायला सुचत नाही, म्हणून इथे.

लग्नानंतर महिन्याभराने मी भुसावळच्या फलाटावरून निघाले. ह्यांना दिल्लीत एका साहेबांच्या गाडीवर नोकरी लागली होती. आईने पदर तोंडाशी धरला होता. बाबा म्हणाले, "रडायचं काय त्यात? दिल्ली काही परदेश नाही." तू बाटली भरायला नळावर पळालास आणि तेवढ्यात गाडी सुटली. भरलेली बाटली हातात घेऊन तू डब्याबरोबर किती धावलास.

पहिलं वर्षभर मी भाजीसुद्धा बोट दाखवून घेतली. आता भाजीवाल्याशी हिंदीत भांडते, पैसे मात्र मनात मराठीत मोजते. मयूर विहारमधल्या तीन मराठी घरांत पोळ्या लाटते. गौरी इथेच जन्मली. तिला माहेर म्हटलं तर कळत नाही, "नानी का घर" म्हणावं लागतं.

ती बारावीला होती तेव्हाची गोष्ट. परीक्षा दीड महिन्यावर आली आणि तिच्या डाव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला. ऑपरेशनला पैसे कमी पडले, तेव्हा मी तुला फोन केला. तू संध्याकाळपर्यंत पाठवलेस. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. चार दिवसांनी तुझा फोन आला. "पैसे परत देऊ नकोस. बाबा गेल्यावर जमिनीवर तुझंही नाव लागलंय ना, गावी ये आणि हक्कसोडावर सही करून जा. सगळ्या बहिणी करतात." तू वाईट बोलला नाहीस. मी म्हणाले, बघते.

डॉक्टरांनी गौरीला पंधरा दिवस पालथं झोपायला सांगितलं होतं, वाचायचं तर नावच नको. मग मी खाली फरशीवर बसून तिचा भूगोल वाचून दाखवू लागले. पुस्तक हिंदी, पण अक्षरं आपलीच. कुठे पाणी संपतंय, कुठे समुद्र वर चढतोय, कुठे माणसं देश सोडून पळताहेत. साऱ्या जगाची दुखणी मी एकेक अक्षर लावत वाचायची.

"मम्मी, मालगाडी मत चलाओ यार," ती उशीत तोंड घालून हसायची.

शेजारची बिहारची भाभी मटार सोलत ऐकायची. स्थलांतराचा धडा आला तेव्हा म्हणाली, "अरे, ये तो हमारी ही बात लिखी है!"

त्या धड्यात लोक गाव का सोडतात याची कारणं होती. पुरुषांसाठी बरीच. बायकांसाठी सगळ्यांत मोठं एकच, विवाह. मी तिथेच थांबले. फलाट, बाबा, आई, सगळं त्या एका शब्दात बसवलं होतं.

"क्या हुआ? पन्ना फटा है?" गौरी उशीतूनच म्हणाली.

मी पुढे वाचलं. शहरात गेलेली माणसं गावी पैसे पाठवतात, त्यावर घरं उभी राहतात. गौरीने विचारलं, "आपण किती पाठवले?"

"आपले उलटे आले. मामाकडून."

तिने उशीतून तोंड बाजूला केलं. मग फरशीकडे बघत म्हणाली, "तो तुम भेज दो ना. किताब सही हो जाएगी."

दुसऱ्या दिवशी मी तुला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा तुला नाही म्हटलं. "दादा, सही नको. पैसे पाठवते मी."

"तू? पोळ्या लाटून?" तू हसलास. मग आवाज बदलला. "कोर्टात खेचणार का आम्हाला?"

"नाही रे. जमीन कसायची तर तूच कस. माझं नाव तेवढं राहू दे."

तुला ते पटलं नाही. मला नीट सांगताही आलं नाही. इथे खोली घरमालकाची, विजेचं बिल त्याच्या नावावर. ह्यांची नोकरी आहे तोवर आम्ही आहोत. साऱ्या मुलखात माझं नाव जमिनीला चिकटलेलं असं एकाच ठिकाणी आहे, बाबांच्या सातबाऱ्यावर. ते पुसलं तर मी तिथून निघाले होते हे कोण सांगणार?

गौरी एका डोळ्याने पेपर लिहून पास झाली. डाव्या डोळ्याला आता फक्त उजेड कळतो. मी आणखी दोन घरं धरली. दर महिन्याला गौरीच्या मोबाइलवरून तुला पैसे जायचे. भाऊबीजेला ये म्हणून तुझा फोन त्या वर्षी आला नाही, नंतरही नाही. आईला फोन लावला की वहिनी म्हणते, झोपल्या आहेत. दुपारी लावला तरी झोपल्या आहेत. एवढं मात्र होतं, पैसे गेले की रात्रीच्या आत तुझा मेसेज यायचा, "मिळाले." गौरी वाचून दाखवायची आणि मला वाटायचं, दादा बरा आहे, घर जागच्या जागी आहे.

आज शेवटचे पाठवले. सगळे फिटले. मघाशी तुझं "मिळाले" आलं. गौरीला म्हटलं, पुसू नकोस, आता पुढच्या महिन्यात येणार नाही.