दह्यात हिरवी झालेली राख

आदिलाबादजवळच्या बोथ गावच्या चंपतराव वैद्यांचा खल रुक्माबाईच्या ताब्यात होता. वैद्य तांबं भट्टीत घालून त्याची राख करत आणि ती राख रुक्माबाई आठ-आठ दिवस घोटत बसे. एकोणीस वर्षं हेच काम. घोटून झालं की ती राख चिमटीत चोळायची, बोटांच्या रेघा भरतात का बघायची. मग वाटीभर पाण्यावर सोडून वर तांदळाचा दाणा ठेवायची. दाणा बुडाला नाही की म्हणायची, "आता हे औषद झालं." जितकी बारीक तितकी गुणाची, असं वैद्य सांगत आणि बाईच्या अंगावर मूठभर मांस चढे. दुसरीच्या जात्यावरचं पीठ पाहून ती नाक मुरडायची ते उगीच नाही.

१९८८ साली तिच्या विधवा नणंदेच्या, सोनाबाईच्या गालात गाठ आली, तंबाखूचा बार धरायची अगदी त्याच जागी. आदिलाबादच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगून नागपूरची चिठ्ठी दिली. कापाकापीच्या नावानं सोनाबाईनं अंथरूण धरलं. वैद्यांनी तांब्याची राख दिली, मधातून पोटात आणि गाठीवर लेप. पंधरा दिवसांत गाठ काळी पडून सुटू लागली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून घर खूश, आणि सगळ्यांत जास्त रुक्माबाई.

मग वांत्या सुरू झाल्या. डोळे पिवळे पडले, पेज पोटात ठरेना. एका सकाळी जखम धुताना रुक्माबाईला दिसलं की गाठीभोवतीचं चांगलं मांसही गळून गेलंय आणि खाली गाठ आहे तशीच आहे.

उरलेली पुडी तिनं दह्याच्या वाटीत कालवली. ही जुनी परीक्षा. तांबं कच्चं राहिलं असेल तर दही हिरवं होतं. पण राख पाण्यावर तरंगल्यावर दह्याची कटकट कोण करतो? तिनंही केली नव्हती. दुसऱ्या दिवशी दही हिरवंगार.

ताकाला जाऊन भांडं लपवायचा तिचा स्वभाव नव्हता. वाटी तिनं सरळ वैद्यांपुढे ठेवली.

"एक भट्टी कमी पडली," वैद्य म्हणाले. "आणखी एक देऊ."

"कच्ची तुमी ठेवली, पन बारीक म्या केली. जाडी असती त येवढी आत शिरली नसती. राखेले गाठ कोन्ती न् मानूस कोन्तं, काय समजते?"

"काम सोडाचं हाय का तुले?"

"सोडलं."

घरी येऊन तिनं सोनाबाईला सगळं सांगितलं.

"तोंड जळे माहं," सोनाबाई म्हणाली. "पन राख तुह्या हातची होती, म्हून खाल्ली."

रुक्माबाई रडली, चांगली हुंदके देऊन रडली. मग तोंड धुऊन तिनं लुगड्यांचं गाठोडं बांधलं. "आता बी माहंच आयका. उठा बाई. नागपूरची गाडी साडेनवाले हाय."

तीन महिन्यांनी सोनाबाई अर्ध्या जबड्यानिशी परत आली आणि पुढं नऊ वर्षं जगली. चावता तिला कधीच आलं नाही. घोटायचं काम सोडलेली रुक्माबाई तिच्यासाठी रोज ज्वारी भाजून जात्यावर बसायची, दोनदा दळायची, वस्त्रातून गाळायची. पेज चुलीवर ठेवण्याआधी पीठ चिमटीत चोळायची आणि बोटांच्या रेघा भरल्या का ते उजेडात धरून बघायची.