वाघोलीच्या शेडमधला रिपीटर

खडकीत रेडिओ संच दुरुस्त करण्यात माझी सगळी नोकरी सरली. निवृत्तीनंतर कसब्यातल्या घरी शब्दकोडी सोडवत बसण्यापेक्षा बरं, म्हणून वाघोलीत ड्रोन बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात सल्लागार झालो. मालक माझ्या मुलाच्या वयाचे. मला सर म्हणत आणि माझा शब्द प्रमाण मानत. तेच पुढे एकाला भोवलं.

ड्रोनला आपण कुठे आहोत हे उपग्रहांच्या संकेतांवरून कळतं. हे संकेत जमिनीपर्यंत येईतो इतके क्षीण होतात की पत्र्याच्या शेडमध्ये शिरतच नाहीत. म्हणून मी छतावर अँटेना लावली आणि आत रिपीटर नावाचा एक डबा बसवला. वरचे संकेत तो शेडमध्ये पुन्हा सोडायचा, त्यामुळे ड्रोन टेबलावरच तपासता यायचे. त्या डब्याचा मला अभिमान होता.

उन्हाळ्यात ड्रोन भरकटू लागले. शेडसमोरच्या मैदानात ठरल्या जागी थांबायचं सोडून पुढेच जायचे. एक शेजारच्या गोठ्यावर आदळला. सकाळच्या चाचण्या नीट होत, बिघडत त्या दुपारच्या. आणि दुपारी उडवायचा तो यवतमाळहून आलेला आमचा पायलट.

लढायांमध्ये ड्रोनना कसं चकवतात याच्या बातम्या मी रोज वाचत होतो. मला फार विचार करावा लागला नाही. हा पायलट उड्डाणाआधी कंपाउंडच्या भिंतीशी जाऊन हळू आवाजात फोनवर बोलायचा. रस्त्यापलीकडे दुसऱ्या ड्रोन कंपनीची पाटी होती. मी शतपावलीच्या निमित्ताने भिंतीकडे फिरकू लागलो. एकदा विचारलंही, एवढं कुणाशी बोलतोस. म्हणाला, घरी, बायको माहेरी आहे, दिवस भरत आलेत. रोज? रोज घरी कोण बोलतं, असं मला वाटलं.

मग मी ड्रोनमधली नोंद तपासली. मैदानावरून उडालेला ड्रोन नोंदीत आमच्याच छतावर स्थिर उभा होता. संकेत नुसते जाम केले असते, तर ते मिळत नाहीत एवढं तरी ड्रोनला कळलं असतं. इथे त्याला खोटी जागा दाखवली गेली होती. आपण अजून छतावरच आहोत अशा समजुतीने तो बिनघोर पुढे जात होता. मी मालकांना म्हणालो, "हे आतल्या माणसाचं काम आहे." त्यांनी कोण म्हणून विचारलं. मी नाव घेतलं.

त्याला आत बोलावलं. मालक बोलत होते आणि तो माझ्याकडे बघत होता.

"मी काहीच केलं नाही जी. काका, तुम्हीच सांगा ना यांना."

मी चष्मा पुसत राहिलो. त्याच दिवशी त्याला काढलं.

त्याच आठवड्यात पावसाळा आला आणि भरकटणं थांबलं. माझी खात्रीच पटली. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते पुन्हा सुरू झालं, तेव्हा नव्या पायलटकडेही मी तसंच बघू लागलो.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी यंत्रं बंद ठेवून पूजा होते. पाहुण्यांसाठी शटर पूर्ण वर केलं होतं. मालकांना ड्रोन उडवून दाखवायचा होता. आज हत्यार चालवू नये, असं मी म्हणालो. "सर, ड्रोन वाहनात मोडतो. त्याची पूजा उद्या," ते म्हणाले. पाहुणे हसले. ड्रोन गेला आणि ठरल्या जागी खिळ्यासारखा उभा राहिला.

मी मागे वळून पाहिलं. माझ्या डब्याला कुंकू लावलं होतं आणि त्याची वायर काढून ठेवली होती.

सकाळी धुळीमुळे शटर खाली असे, पावसाळ्यात झडीमुळे. दुपारी उकडतं म्हणून ते वर करायला मीच लावायचो. उघड्या शटरमधून डब्याचे संकेत मैदानात सांडत. खऱ्यांपेक्षा ते जोरकस, म्हणून ड्रोन त्यांचंच ऐकत. दसरा झाल्यावर मी एकट्याने करून पाहिलं. मैदानातला ड्रोन सांगत होता, मी छतावर आहे.

डबा बिघडला, असं सांगून मी तो काढून टाकला. बाकी काही बोललो नाही.

हिवाळ्यात एका कंपनीतून एका बाईंचा फोन आला. शेतात फवारणीसाठी त्यांना आम्ही काढलेला तो यवतमाळचा पायलट घ्यायचा होता, पण आमच्या मालकांनी त्याच्यावर घातपाताचा संशय होता असं सांगून माझा नंबर दिला होता. मी म्हणालो, उद्या कळवतो. मग आधी त्याला फोन लावून सगळं सांगितलं.

"मालकांना सांगितलं का, काका?"

"अजून नाही."

"मग मला काय सांगता? मी केलं नाही, हे मला माहीतच होतं."

दुसऱ्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये गेलो. ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, जुनं झालं सर, गिऱ्हाइकांना कळलं तर आपले ड्रोन कोण घेईल. मी तिथूनच बाईंना फोन लावला. डबा माझा, शटर उघडायला लावणारा मी, आणि त्याला काढलं ते माझ्या शब्दावरून, असं सांगितलं. कुणासमोरही सांगाल का, त्यांनी विचारलं. हो म्हणालो. मालक उठून बाहेर गेले.

त्याला ती नोकरी मिळाली, हे मला त्या बाईंनीच कळवलं. त्याच्या गावी मात्र, पुण्यात कंपनीशी दगाबाजी करून आला, असं अजून बोलतात म्हणे. त्या गावातल्या कुणाच्या हाती हे पडलं तर त्यांनी एवढं वाचावं: त्याने काही केलं नव्हतं. ते मी केलं होतं.