रेशमावरचं रक्त

लाँड्रीच्या मागच्या खोलीत त्याला सगळे डागमास्तर म्हणत, आणि या नावाचा त्याला अंमळ जास्तच अभिमान होता. शाई, गंज, तेल, काहीही पुढ्यात आलं की तो आधी वास घेई, मग नखानं खरवडून बघे आणि मगच बाटलीला हात लावी. हट्टी डागाच्या कपड्याला 'डाग निघणार नाही' अशी चिठ्ठी टाचायची तिथली पद्धत होती, गिऱ्हाइकानं नंतर गळा धरू नये म्हणून. ती टाचताना मास्तरचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं होई.

एके दिवशी त्याची लेकच आईचा रेशमी स्कार्फ घेऊन दुकानात आली. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. शेवटच्या आजारात तिच्या नाकातून रक्त यायचं. एकदा घाईत लेकीनं हाताला लागला तो स्कार्फच नाकाला धरला होता. आईचे बाकीचे कपडे देऊन झाले होते, हा तेवढा उरला होता.

"परवा निघायचंय मला. नोकरीच्या पहिल्या दिवशी हा घालायचाय," ती म्हणाली. "मी धुतला होता, चांगला कढत पाण्यात. तरी गेला नाही. तुम्ही काढाल ना?"

मास्तरनं डाग नखानं खरवडून बघितला. रक्तातलं प्रोटीन म्हणजे घड्या घालून ठेवलेल्या बारीक साखळ्या. गार पाण्यात त्या सुटून वाहून जातात. कढत पाणी लागलं की घड्या उलगडतात, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि धाग्याला घट्ट धरून बसतात. उकडलेलं अंडं काही पुन्हा कच्चं होत नाही. पण आईचं नाक पुसणाऱ्या पोरीला हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

"निघेल की," तो म्हणाला.

फळीवर एन्झाइमच्या पावडरीचा डबा होता. विकणाऱ्यानं तो देताना बजावलं होतं, "मास्तर, ही कात्री समजा. प्रोटीनच्या साखळीतला सांधा हिच्या खाचेत नेमका बसला की तुटलाच. कात्री मात्र आहे तशीच राहते आणि पुढच्या सांध्याला लागते. सुती कपड्यावर खुशाल वापरा. रेशीम आणि लोकर मात्र लांब ठेवा. तेही प्रोटीनच. रक्त कुठलं आणि धागा कुठला, ते हिला काय कळणार?"

हे सगळं मास्तरला पाठ होतं. पण कळतं पण वळत नाही, त्याला कोण काय करणार! त्यानं कोमट पाण्यात चिमूटभर पावडर कालवली, डागापुरतीच लावली आणि डोळ्यांत तेल घालून बसला. तपकिरी डाग कडेनं फिकट झाला. मग पिवळट झाला. इथं थांबला असता तर निभावलं असतं, पण त्याचा हात थांबेना. आता जरासंच, म्हणत त्यानं पुन्हा लावली, आणि डाग गेला. धुऊन वाळवल्यावर त्यानं तिथं बोट फिरवलं. कापड लुळं पडलं होतं. ती जागा आत जाईल अशी त्यानं घडी घातली.

घरी लेकीनं स्कार्फ उलगडला आणि बापाच्या खांद्यावर डोकं टेकवलं. सांगायची वेळ तीच होती, पण मास्तर तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. ती आरशासमोर गेली. गाठ मारून तिनं टोक ओढलं तसा स्कार्फ डागाच्या जागी फाटला.

तिनं विरलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. पण तुला नाही म्हणवेना."

लेकीनं फाटलेलं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "हॉस्पिटलात मी विचारलं होतं, आई बरी होईल ना? तेव्हा तुम्ही असंच 'होईल की' म्हणालात. तेव्हाही माहीत होतं?"

मास्तरनं मान खाली घातली. "हो. डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"मी त्या आठवड्यात परीक्षेला गेले, बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं, परत आल्यावर बोलू तिच्याशी."