तिसऱ्या चौकोनातला खो

आमचा खो-खोचा क्लब बंद पडून तीस वर्षं होऊन गेली होती, तरी त्याच्या नावाने पत्र आलं. आलं ते माझ्या माहेरी, उज्जैनच्या माधव नगरच्या पत्त्यावर. शेवटची कॅप्टन मी होते, म्हणून संघटनेच्या कागदांत माझाच पत्ता राहिला असावा. भावाने फोन केला, "ताई, तुझ्या क्लबाची चिठ्ठी आलीये. ते लोक अजून तुम्हाला चालू समजताहेत."

राष्ट्रीय स्पर्धेत जुन्या क्लबांना परत घ्यायचं ठरलं होतं. ज्यांना यायचं असेल त्यांनी महिन्याभरात कळवावं, असा मजकूर होता आणि खाली 'होय' आणि 'नाही' असे दोन रकाने. मी ते पत्र आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरले. कुणाला दाखवलं नाही.

क्लब बंद का पडला, ते आधी सांगायला हवं.

आम्ही सगळ्या मराठी घरांतल्या मुली. कुणाचे पणजोबा दरबारच्या चाकरीत इकडे आलेले, कुणाचे वडील माझ्या वडिलांसारखे बँकेच्या बदलीवर आलेले. घरी मराठी, मैदानावर अर्धी हिंदी. आम्हाला खेळ शिकवणारे सर कडक होते, पण आमच्यासाठी जीव टाकायचे. आमच्यात एकोणीस वर्षांची एक मुलगी होती, सगळ्यांत चपळ. खो-खोत आठजणी एका ओळीत आपापल्या चौकोनात बसतात आणि नववी पळणाऱ्यांच्या मागे धावते. ती मागून पाठीला हात लावून 'खो' म्हणाली की बसलेलीने उठून पाठलाग करायचा. ही मुलगी कायम तिसऱ्या चौकोनात बसायची. तिथून ती उठली, की समोरची गडी गेलीच समजायची.

राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी आम्ही लांबच्या एका शहरात होतो. सकाळी धर्मशाळेत तिने माझा हात धरला आणि आपल्या कपाळावर ठेवला. कपाळ तव्यासारखं तापलं होतं.

"सरांना सांगू नकोस," ती म्हणाली. "तुला माझी शपथ आहे."

मी सांगितलं नाही. शपथ होती म्हणून, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला जिंकायचं होतं. सामना भर उन्हात झाला आणि आम्ही जिंकलो. हात मिळवायला ओळीत उभ्या होतो, तेव्हा ती माझ्या शेजारीच कोसळली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वारली. उज्जैनला परतल्यावर सरांनी क्लबाच्या खोलीला कुलूप घातलं. मैदानातले दोन खांब तेवढे उभे राहिले.

शेवटी पत्र घेऊन मी फ्रीगंजला सरांच्या घरी गेले. सर आता ब्याऐंशीचे. त्याच संघातली माझी एक जुनी मैत्रीणही आली, ती मुलींच्या शाळेत शिकवते. क्लबाची म्हणून उज्जैनमध्ये एवढीच माणसं उरली होती.

मैत्रीण म्हणाली, "माझ्याकडे बारा मुली आहेत. चांगल्या खेळतात, पण त्यांना कुणी पुढे नेत नाही. आपल्या नावावर त्या थेट राष्ट्रीय स्पर्धेत उतरतील. विचार कसला करायचाय?"

मी म्हटलं, "वेळ कोण देणार? मला माझी नोकरी आहे."

ते कारण खोटं होतं. सर पत्राची घडी घालत म्हणाले, "आधी मुलींना आपल्या मैदानावर उतरवू. होय की नाही, ते नंतर लिहू."

सराव सुरू झाला. संध्याकाळी पाच वाजता मुली यायच्या. गवत काढलं, चुना टाकून चौकोन आखले. पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या चौकोनातली मुलगी मधेच उठून पळत सुटली. खो दिल्याशिवाय उठलं तर फाऊल होतो. मैत्रिणीने शिट्टी वाजवली.

"मैडम, खो मिला था ना!" मुलगी म्हणाली.

"किसने दिया? वो तो उधर है," मैत्रिणीने बोट दाखवलं. धावणारी मुलगी पार दुसऱ्या खांबापाशी होती.

सगळ्या हसल्या. तिसऱ्या दिवशी तिथे दुसरी मुलगी बसवली, तर तीही तशीच उठली. मग तिसरी. मुलींचं हसणं बंद झालं. चौथ्या दिवशी आमच्यातली सगळ्यांत दांडगी पोरगी त्या चौकोनात बसली. ती उठली नाही, पण खेळ संपेपर्यंत तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मी तिला पाण्याची बाटली दिली, तेव्हा ती हळूच म्हणाली, "आंटी, पीछे से कोई हाथ रखता है. आवाज़ नहीं आती. और वो हाथ बहुत गरम है."

आमच्या वेळची ती मुलगी ऊन लागून गेली, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. सकाळच्या तापाचं मी कधी कुणापाशी बोलले नव्हते. आईपाशीही नाही, नवऱ्यापाशीही नाही.

मैत्रिणीने बाजूला येऊन सरांना विचारलं, "राम घाटावर गुरुजींना सांगून काही शांत करून घ्यायची का?"

"शांत कुणाची करायची?" सर एकदम चिडले. "ती काय भूत आहे? आपली पोरगी आहे ती."

तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि दुपारी बाराच्या सुमाराला एकटीच मैदानावर गेले. लहानपणी आई म्हणायची, बाराच्या टळटळीत उन्हात मोकळ्या जागी जाऊ नये. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सावल्या पायाखाली आल्या होत्या. चुन्याच्या रेघा इतक्या चमकत होत्या, की डोळे किलकिले करावे लागत होते. मी चप्पल काढली, ओढणी कमरेला बांधली आणि तिसऱ्या चौकोनात उकिडवी बसले. त्रेपन्नाव्या वर्षी गुडघे कुरकुरतात. बोटं जमिनीला टेकवून मी समोर बघत राहिले.

वारा नव्हता. लांबून एखाद्या रिक्षाचा हॉर्न येत होता, तोही थांबला. कावळेही गप्प झाले. मागे कुणीतरी येतंय, असं वाटलं नाही. पावलं वाजली नाहीत. नुसतं माझ्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या जरा खाली, चार बोटं टेकली. हलकीच. तिची खो द्यायची तीच पद्धत होती, ती कधी ढकलायची नाही. कुडत्यातून त्या बोटांची धग मला आतपर्यंत जाणवली. उन्हाची धग वेगळी असते. ती सगळ्या अंगाला लागते. ही चारच जागी होती.

मी उठले आणि पळाले. पळायचं ठरवलं नव्हतं, पाय आपोआप पळाले. खांबाला मिठी मारून थांबले, तेव्हा छाती फुटेल असं वाटत होतं. मागे वळून बघायचा धीर होईना.

"बसली होतीस?"

माझी किंकाळीच निघाली. सर फाटकापाशी छत्री धरून उभे होते.

"मी रोज येतो या वेळेला," ते म्हणाले. "सराव सुरू झाल्यापासून. मला उकिडवं बसता येत नाही, म्हणून नुसता उभा राहतो. हात गरम होता?"

"हो."

आणि मग मी त्यांना सगळं सांगितलं. धर्मशाळा, कपाळ, शपथ, सगळं. मला जिंकायचं होतं, तेही सांगितलं. ते छत्रीची मूठ फिरवत ऐकत होते. मला वाटलं, आता हे मला मैदानातून हाकलून देतील.

"सामन्याआधी ती माझ्या पाया पडली होती," सर म्हणाले. "मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला चटका बसला, पोरी. मी स्वतःला सांगितलं, ऊन आहे."

तीस वर्षं आम्ही दोघांनी एकच गोष्ट लपवली होती, तीही एकमेकांपासून. दर दिवाळीला मी त्यांच्याकडे फराळ घेऊन जायचे, एकत्र चहा घ्यायचो, आणि तिचा विषय निघाला की दोघंही दुसरं काहीतरी बोलायचो. आता त्यांच्या छत्रीखाली आम्ही दोघं उभे होतो आणि चौकोनाकडे दोघांपैकी कुणीच बघत नव्हतं.

"मग आता पत्रावर काय लिहायचं? 'नाही'?" मी विचारलं.

"मला विचारू नकोस. मी ठरवायला नालायक आहे."

संध्याकाळी आम्ही मैत्रिणीला बोलावून सांगितलं. ती पर्स उचलून निघून गेली. पाच दिवस तिने आमचे फोन घेतले नाहीत. सरावही बंद. सहाव्या दिवशी ती माझ्या दारात उभी राहिली, आत न येताच म्हणाली, "ते पत्र दे."

मी दिलं. तिने भिंतीवर धरूनच 'होय'वर खूण केली.

"तुम्ही दोघांनी जे केलं ते केलं," ती म्हणाली. "या मुलींनी कुणाचं काय बिघडवलंय? पण एक ऐक. प्रत्येक सामन्याआधी डॉक्टर मुलींना तपासेल. आणि कोण खेळणार, कोण नाही, यात तू आणि सर एक शब्द बोलणार नाही."

"नाही बोलणार," मी म्हटलं.

तीस वर्षांनी आमचा क्लब राष्ट्रीय स्पर्धेत उतरला. सर आले नाहीत. मी मुलींच्या पिशव्या, पाणी, डबे बघायला गेले. एक सामना आम्ही जिंकलो, दुसरा चांगलाच हरलो. तिथल्या मैदानावर तिसऱ्या चौकोनातली मुलगी एकदाही चुकून उठली नाही. मी पूर्ण वेळ तिच्या पाठीकडेच बघत होते, गुण किती झाले ते मला शेजारच्या बाईंना विचारावं लागलं.

आपल्या मैदानावर मात्र तसं अजूनही घडतं. रोज नाही, पण होतं. मुलींना त्याची सवय झाली आहे. नवी मुलगी आली, की जुन्या तिला पहिल्याच दिवशी सांगतात, "हाथ पे मत उठना, आवाज़ पे उठना." ती मुलगी मान डोलावते आणि बसते. त्यांना भीती वाटत नाही. मला वाटते.

तेव्हा गेलेल्या आमच्या त्या मुलीच्या घरचं आता उज्जैनमध्ये कुणी नाही. आईवडील गेले, भाऊ कुठे असतो ते कळत नाही. मी दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. सापडला, तर त्याला सगळं सांगायचं आहे. मी आणि सर, दोघंही जाणार आहोत. कुठल्या शब्दांत सांगायचं, ते अजून आमचं ठरलेलं नाही.